संत ब्रूनोला मिशा नव्हत्या

वऱ्हाडात कोणी गप्प बसलेलं दिसलं, की लोक आधी त्याच्या घरी काय झालं ते विचारतात. अशा मुलखात मौनाच्या संताचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते घेतलं. त्यात अक्कल किती आणि हाव किती, ते तुम्हीच ठरवा.

मी चारुशीला. अमरावतीत एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून देव काढते. माझे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे कुठल्या देवाच्या कुठल्या हातात काय असतं हे मला लहानपणापासून पाठ. लक्ष्मी, दत्त, अन्नपूर्णा, जे मागाल ते. माझी चित्रं बडनेऱ्यापासून दर्यापूरपर्यंत कितीतरी देवघरांत आहेत आणि सगळे म्हणतात, छान आहे. छान काय कपाळ! मुकुट बदलले तर माझ्या लक्ष्मीचा दत्त होईल, इतके सगळे चेहरे एकसारखे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी एकही चेहरा असा काढला नव्हता, ज्याच्याकडे बघून वाटावं की हा कोणीतरी आहे. हे मला आतून खात होतं. पुढे मी जे वागले ते यामुळे, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम घेऊन आल्या त्या एक सिस्टर. अकोल्याहून बाळापूरच्या वाटेवर त्यांचं प्रार्थनागृह आहे. तिथे लोक तीन-तीन दिवस येऊन राहतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकलेल्या, आणि इतकी शुद्ध बोलत, की त्यांच्यासमोर मी माझीच वाक्यं दुरुस्त करायला लागले. त्यांना हवा होता संत ब्रूनो. नऊशे वर्षांपूर्वी हा माणूस मोठं पद सोडून सहा सोबत्यांसह डोंगरात गेला आणि तिथे त्याने मौन धरलं. सिस्टरांनी नमुना म्हणून एक छापील चित्र दिलं, पत्त्याच्या पानापेक्षाही लहान. पांढरा झगा, तुळतुळीत डोकं, मिशी नाही, दाढी नाही, आणि हातात कवटी.

कवटी आमच्या घरात चालणार नाही, असं आमच्या यजमानांनी, म्हणजे कमलाकांतांनी, बाहेरच्या खोलीतूनच जाहीर केलं. मी कवटीच्या जागी पुस्तक देते म्हटलं. सिस्टरांना चाललं. त्यांची अट एवढीच होती, की संत परदेशी पाहुण्यासारखा दिसू नये, आपल्यातला वाटावा. आणि समोर बसणाऱ्याला कळावं, की हा माणूस आत कुठेतरी पोचलेला आहे. सहा ऑक्टोबरला त्या संताचा सण. त्या दिवशी चित्र भिंतीवर हवं होतं.

आत पोचलेला चेहरा आणायचा कुठून? पहिला प्रयोग घरातच केला. कमलाकांतांना पांढरी चादर गुंडाळून खुर्चीवर बसवलं. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. चौथ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, की या ब्रूनोने राजीनामा लेखी दिला होता की तोंडी. मग आमच्या शेजारचे वामनराव. ते रोज पहाटे ध्यानाला बसतात असं त्यांनीच कॉलनीभर सांगितलेलं. त्यांच्या अंगणात वही घेऊन गेले, तर ते दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून मी किती काढलं ते बघायचे. मी वही मिटून घरी आले आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही.

आणि मग मला उत्तमराव दिसले. दिसले म्हणजे, दहा वर्षं दिसतच होते. अंबादेवीच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं फुलांचं दुकान असतं. ते आणि त्यांची बायको माणिकबाई अंजनगाव सुर्जीकडून पहिल्या गाडीने येतात. झेंडू, शेवंती, गलांडा, सगळं त्यांच्याच वावरातलं. माणिकबाई हार गुंफतात आणि बोलतात. हात थांबतील, पण तोंड थांबणार नाही. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर नवऱ्याशी. उत्तमराव शेजारी मांडी घालून फुलं निवडत बसतात. त्या मंगळवारी दुपारी मी सहज समोर बघितलं आणि जागीच थांबले. माणिकबाई व्याह्यांच्या घरचं काहीतरी तावातावाने सांगत होत्या, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर अशी शांती, की वर्णन करायला शब्द नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर एक आठी नाही. मनात म्हटलं, चारुशीला, हाच तुझा ब्रूनो.

समोरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी रेखाटायला लागले. तिसऱ्या खेपेला गुपित कळलं. उत्तमरावांना कमी ऐकू येतं. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने, जीवनने, दोन वर्षांपूर्वी त्यांना कानातली मशीन आणून दिली होती. माणिकबाईंनी एखादा विषय नीट धरला, की उत्तमराव कान खाजवल्यासारखं करायचे, मशीन अलगद काढायचे आणि बंडीच्या खिशात टाकायचे. त्यापुढे जो चेहरा व्हायचा, तो मी काढत होते.

त्यांनी मला बघताना बघितलं. माणिकबाई चहा आणायला गेल्यावर मशीन कानात घालून रस्ता ओलांडून आले.

"बाई, हिले सांगू नका," ते म्हणाले. "मले दिवसातून तेवढाच एक घंटा भेटते."

मी म्हटलं, सांगणार नाही, पण मग मला चेहरा काढू द्यायचा. त्यांनी कशासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही, मान हलवली आणि परत गेले. मिशा तेवढ्या मी मनातल्या मनात उतरवल्या. झुपकेदार होत्या, पण संताला मिशा नव्हत्या, त्याला कोण काय करणार!

दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. चित्र पुरं झालं त्या दिवशी कमलाकांत समोर येऊन उभे राहिले आणि चष्मा काढून पुन्हा बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक चेहरा निघाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले आणि मग पोहे केले.

यानंतरचा शहाणपणा सगळा माझा. सिस्टरांनी फोनवर विचारलं, सणासाठी फुलं कोणाकडून घ्यावीत. दहा वर्षांची ओळख, माणसं सचोटीची, मी बिनदिक्कत माणिकबाईंचा नंबर दिला. ज्याचा चेहरा भिंतीवर लावायचा, त्याच्याच बायकोला हार घेऊन तिथे बोलवायची बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. प्रार्थनागृहात आसपासच्या खेड्यांतली साठेक माणसं जमलेली. फादरांनी चित्रावरचं कापड काढलं आणि सगळे गप्प झाले, अगदी तान्ह्या पोरांसकट. मी पहिल्या रांगेत होते आणि खरं सांगते, माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती. मग माझ्याच रांगेतली एक म्हातारी उठली. आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे हार घालायचा, मग धर्म कुठला का असेना. तिने टोपलीतला सगळ्यात मोठा झेंडूचा हार उचलला आणि दोघा माणसांकडून चौकटीवर चढवून घेतला. खाली दोन मेणबत्त्या लावल्या. साठ जणांनी हात जोडले.

नेमक्या त्या क्षणी बाजूच्या दारातून माणिकबाई आत आल्या. मागे डोक्यावर फुलांची दुसरी टोपली घेऊन उत्तमराव.

माणिकबाईंना काय दिसलं ते त्यांच्या बाजूने बघा. आपला नवरा. डोकं भादरलेलं, मिशी काढलेली, अंगावर पांढरं, गळ्यात हार, पुढे दिवे, आणि समोर खाली मान घातलेली माणसं. जिवंत माणसाच्या फोटोला चुकून हार लागला तर आम्ही साखर वाटतो, इतकं ते अशुभ. इथे तर फक्त तेरवीचं जेवण उरलं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. सरळ पुढे चालत गेल्या, फादरांच्या बाजूने. तिथलं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, हार उतरवला, आणि घडी घालून आपल्या टोपलीत ठेवला. मग वाकून दोन्ही मेणबत्त्या फुंकल्या आणि लोकांकडे वळल्या.

"माहा मालक जिता आहे," त्या म्हणाल्या.

साठ माथी दाराकडे वळली. तिथे उत्तमराव उभे, मिशांसकट. लोकांनी चित्राकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं. हार घालणारी म्हातारी तर हात जोडून त्यांच्याच दिशेने निघाली. उत्तमरावांनी टोपली खाली ठेवली आणि ते अंगणात पळाले.

पुढचा अर्धा तास सिस्टरांच्या खोलीत सभा झाली. माणिकबाईंचं मागणं एकच होतं: चेहरा बदला. मी सांगितलं, चेहऱ्याला ब्रश लावणार नाही. चिडून सांगितलं, कारण मी घाबरले होते. बाकीचं चित्र फाडून टाका म्हणाले असते तरी मी एक वेळ ऐकलं असतं, पण तो चेहरा गेला असता तर माझ्यापाशी पुन्हा त्या एकसारख्या लक्ष्म्याच उरल्या असत्या. फादरांनी समजावलं, की संताला जाऊन नऊशे वर्षं झाली आहेत, तेव्हा हार घालण्यात गैर काही नाही. माणिकबाई म्हणाल्या, मग त्याला त्याचं तोंड द्या, आमचं कशाले?  कमलाकांत सोबत आले होते. त्यांनी जिवंत व्यक्तीच्या प्रतिमेबद्दल बोलायला सुरुवात केली, पण सिस्टरांनी आणि माणिकबाईंनी त्यांच्याकडे एकदमच बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

तोड सिस्टरांनी काढली. गळ्यात हार कधीच नाही. फुलं वाहायची ती पायाशी. जिवंत माणसाच्या पायाशी फूल ठेवलं तर तो मान, अपशकुन नाही, हे माणिकबाईंनाही पटण्यासारखं होतं. फक्त माझं चित्र कमरेपर्यंतच होतं. म्हणजे खाली आणखी एक फळा जोडून मला पाय काढावे लागणार होते. मी लगेच हो म्हटलं. पाय काय, दहा पाय काढले असते.

माणिकबाई मात्र अजून हो म्हणेनात. म्हणाल्या, आधी एकदा नीट पाहू द्या. लोक जेवायला गेले होते. आम्ही दोघीच परत प्रार्थनेच्या खोलीत गेलो. त्यांनी अगदी जवळ जाऊन चित्रातला चेहरा निरखला.

"हे असे कवा बसते?" त्यांनी विचारलं.

 उत्तमरावांना शब्द दिलेला. मी म्हटलं, देवाचं काही मनात आलं की बसत असतील.

"मशीन काढली की बसते," माणिकबाई म्हणाल्या. "मले काय दिसत नाई? दोन वर्षं झाले, पाहून राहिली."

"मग बोलता काहून तुम्ही त्यांच्याशी?" माझ्याही तोंडात वऱ्हाडी आली.

"ऐकून राहिले असते, तं बोलली असती काय बाई?"

मग त्यांनी मला जायला सांगितलं. चित्रासमोर फरशीवर मांडी घातली, पदर सावरला आणि सुरू झाल्या. जिथे तीन दिवस कोणी शिंकलं तरी माफी मागायचं, तिथे ही बाई गावच्या पारावर बसल्यागत बोलायला लागली. सिस्टर बोट ओठांवर ठेवून लगबगीने आल्या, दारात थांबल्या, क्षणभर ऐकलं, आणि बोट खाली करून निघून गेल्या.

मी बाहेर ओट्यावर आले, तर खिडकीखाली उत्तमराव बसलेले. बिचाऱ्याला काही ऐकू येत नाही, म्हणून मी शेजारी टेकले. मग त्यांच्या कानाकडे लक्ष गेलं. मशीन आत होती. आपल्यावर काय बालंट येतंय ते कळावं म्हणून घालून बसले होते. मी त्यांना तिथून उठवायला हवं होतं. नाही उठवलं. माझा स्वभाव चौकस आहे, आणि मलाही ऐकायचं होतं.

आत माणिकबाई चित्राला सांगत होत्या, की लेकीचं, रागिणीचं, लग्न आपणच घाई करून लावलं. तिला पुढे शिकायचं होतं, आणि आता तिचा फोन आला की छातीत धडधडतं. सांगत होत्या, की गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांसमोर अंधारी येऊन त्या वावरात पडल्या होत्या, ते घरात कोणाला माहीत नाही. सगळं उत्तमरावांना आधी, मशीन खिशात असताना, सांगून झालेलं होतं, शेवंतीच्या ढिगाशेजारी बसून, एकदा नव्हे दहादा. व्याह्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या भांडणांच्या मध्येमध्ये ते घालून. मग त्यांचा आवाज खाली आला. खिडकी नसती तर मला ऐकूही आलं नसतं.

"तो हार पाहला अन् जीव गेला माहा," त्या म्हणाल्या. "तुमी अगोदर गेले, तं मी कोणाशी बोलू?"

उत्तमराव गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.  दोन वर्षं दिवसातून एक घंटा या माणसाने काय काय खिशात टाकलं होतं, ते तो मोजत असावा, आणि मला त्याची दया आली. थोडी माझीही लाज वाटली, कारण त्याच घंट्यावर माझं चित्र उभं होतं.

दिवाळीनंतर ते दोघं पाय काढून घ्यायला आमच्याकडे आले. उत्तमरावांना खुर्चीवर बसवलं, पाय पाटावर. माणिकबाई शेजारी बसून वालाच्या शेंगा निवडत होत्या आणि अर्थातच बोलत होत्या. मी टाचांच्या भेगा काढत होते. काळ्या मातीने भरलेल्या त्या रेषा मला फार आवडल्या. कमलाकांत चष्मा पुसत मागे उभे.

सहज मान वर केली आणि हात थांबला. तो चेहरा नव्हता. मशीन कानात होती. कपाळाला आठ्या, मान बायकोकडे जरा कललेली, डोळे पूर्ण उघडे आणि तिच्या तोंडावर. मध्येच त्यांनी विचारलं, की डॉक्टरकडे शुक्रवारी जायचं की सोमवारी. माणिकबाई म्हणाल्या सोमवारी, आणि पुढे बोलत राहिल्या.

मला एकदम कळलं, की मी ज्याच्यासाठी भांडले तो चेहरा दुकान बंद करून बसलेल्या माणसाचा होता. आत पोचलेला माणूस आता बसला होता, माझ्यासमोर, मिशांसकट. माझे हात शिवशिवायला लागले. मी कोरा कागद ओढला आणि भराभर रेखाटायला लागले. सांगून टाकलं, की मी चेहरा बदलणार. सिस्टरांना आजच फोन करते, जुना चेहरा खरवडून हा घालते.

कमलाकांत एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. चेहऱ्याला ब्रश लावणार नाही, हे त्यांनी माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. मी त्यांना पाणी प्यायला पाठवलं.

माणिकबाई शेंगांचं ताट बाजूला ठेवून उठल्या. माझ्या खांद्यावरून कागदावरचं रेखाटन बघितलं, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे बघितलं. आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"नोको बाई. न ऐकणारा तिथंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "ऐकणारा मले घरी पाहिजे."

उत्तमराव लाजले. म्हणजे ऐकलं होतं त्यांनी.